सव्वीस आणि पंचवीस

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, एकतीस वर्षांपूर्वीचा. ठिकाण वसईजवळच्या गास गावाच्या बाजूचं कापणी झालेलं भाताचं खाचर. ढेकळं फोडून, पाणी मारून आणि रोलर फिरवून त्याचं मैदान केलेलं. कबड्डीच्या अंतिम सामन्यात आमचं मंडळ बावीस, समोरचे वीस. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस रुपये एकावन्न, पाकिटातून. हजर: दोन पंच, गुण लिहिणारा एक, जिल्हा संघासाठी खेळाडू हेरायला आलेले दोन निवडकर्ते आणि बांधावर बसलेली चारेकशे माणसं. बक्षीस हरेश्वर म्हात्रेला मिळालं. पकड माझी होती.

हे आधीच सांगून टाकतो. हरेश्वर दोन महिन्यांपूर्वी गेला. त्याच्याविषयी वसईत बोलायला बसलं तर चांगलंच बोलणारी माणसं भेटतील आणि ती खोटं बोलणार नाहीत. पण मी एकतीस वर्षं त्याचा हेवा केला. तेव्हा माझं लिहिणं त्या मापाने वाचावं.

हरेश्वर माणूस भेटला की आधी त्याचे पाय बघायचा, मग तोंड. बुटका, आखूड मानेचा, रुंद पंजांचा. खालून वर अशी त्याची नजर चढायची आणि चेहऱ्यापर्यंत पोचेतो त्याला तुमच्याविषयी काय ते कळलेलं असायचं. एकदा वसईच्या बाजारात भेटला. मी आणि माझी बायको मंजिरी भाजी घेत होतो. त्याने वाकून माझ्या चपलांकडे पाहिलं.

"सामंत, उजवी टाच झिजलीय तुझी. कंबर दुखते नं?"

तीन आठवडे दुखत होती. मी म्हटलं, "नाही."

"तोंड खोटं बोलंल रं, टाच नाय बोलनार," तो म्हणाला आणि मंजिरीकडे वळला, "वहिनी, याला खुर्चीतून उठवत जा जरा. आनि ही मेथी नका घेऊ, कालची हाय."

घरी येईपर्यंत मंजिरी म्हणत होती, किती साधा माणूस. मी मेथी घेतलीच होती. मेथी खरंच कालची निघाली.

माझे वडील पोस्टात होते. कोकणातून बदली होऊन वसईला आले आणि खाडीकडच्या एका आळीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागच्याच घरात म्हात्रे राहायचे. त्यांची भातशेती होती, थोडा मिठागरातला वाटा होता. हरेश्वर आणि मी आठवीपासून एका वर्गात. त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या आईने मला पाटावर बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं होतं. "भटासारका चिवडू नको, खा," ती म्हणाली. मी खाल्लं. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत आठवड्यातून दोन वेळा तरी मी तिथे जेवलो असेन.

दोघेही मंडळातर्फे कबड्डी खेळायचो. मी डावा कोपरा सांभाळायचो, तो उजवा. चढाई करणाऱ्याला अडवणं, पकडणं हे कोपऱ्यांचं काम. हरेश्वरला खेळ अंगाने कळायचा. मला आकड्यांनी कळायचा. समोरचा चढाईला आला की मी त्याची पावलं मोजायचो. प्रत्येकाचा एक हिशेब असतो. कोणी दुसऱ्या पावलाला झुकतो, कोणी चौथ्याला मागे फिरतो. मोजता मोजता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गडी जो पाय पुढे टाकतो तो तुम्हाला दाखवण्यासाठी असतो. सगळे कोपरे त्याच पायावर झेप घेतात आणि तो काढून घेतला की तोंडावर पडतात. पळायचा पाय मागचा. सगळं वजन त्यावर असतं, म्हणून तो क्षणभर जागचा हलू शकत नाही. पुढचा पाय सोडून द्यायचा, तीन मोजायचे आणि मागची टाच धरायची. मी ती पकड दोन हंगाम घोटवली. माझ्याकडे वही होती. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्या हंगामात माझ्या पकडी एक्केचाळीस होत्या, हरेश्वरच्या तेहतीस. वही अजून आहे.

आता त्या दिवसाचं.

मध्यंतरात अंगातली नंबरची बनियन काढून छातीला, दंडांना आणि मानेला कोरडी माती चोळायची, ही आमच्या मंडळाची रीत होती. घामावरून हात सरकू नये म्हणून जुन्या खेळाडूंनी ती पाडलेली. बनियनी बांबूवर टाकायच्या आणि शिट्टी झाली की ओढून घालायच्या. माझा नंबर चार, हरेश्वरचा सात. अंगाने दोघे सारखेच. मैदानात उतरलो आणि पाहिलं तर त्याच्या पाठीवर चार होता. म्हणजे सात माझ्या पाठीवर.

"हऱ्या, बनियन बदलली."

"असू दे रं. सात काय नि चार काय, हात तर आपलेच हायेत."

"पंचांना सांगायला पाहिजे. कागदावर नावं—"

"तू खेळ सामंत. कागद मंग बगू."

मी खेळलो. पंचांना सांगायला हवं हे मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. तेवढी चूक माझी.

शेवटची चढाई समोरच्यांची. आम्ही एकवीस, ते वीस. आमचे तिघेच मैदानात उरले होते: डाव्या कोपऱ्यात मी, उजव्यात हरेश्वर आणि मधे एक. चढाईला आला तो त्यांचा सगळ्यात उंच गडी. त्याचा दम मला अजून ऐकू येतो. तो माझ्याकडे आला, पुढचा पाय माझ्या गुडघ्यापाशी नाचवला. मी मोजलं, एक, दोन, तीन, आणि मागच्या टाचेवर पडलो. टाच मुठीत आली. पण गडी लांब होता. पालथा पडला तरी सरपटत मध्यरेषेकडे निघाला. त्याची बोटं रेषेपासून दीड हातावर होती आणि मला तो ओढत होता.

इथे हिशेब सांगायला हवा. तो एकट्या मला घेऊन रेषेला पोचला असता तर त्यांना एक गुण, म्हणजे बरोबरी. मदतीला आलेल्या दुसऱ्याने हात लावला आणि तरीही तो पोचला असता, तर दोन गुण, म्हणजे आम्ही हरलो. शहाणा माणूस जागेवर थांबला असता. हरेश्वर उजव्या कोपऱ्यातून धावत आला आणि त्या गड्याच्या पाठीवर पडला. बोटं रेषेच्या अलीकडे वीतभर थांबली. शिट्टी झाली.

धूळ बसायच्या आत भोंग्यावरून आवाज आला, "सात नंबर! हरेश्वर म्हात्रे! काय पकड आहे!" टाच धरलेल्या माणसाच्या पाठीवर सात होता. कागदावर सातसमोर म्हात्रे होतं. निवडकर्त्यांनी कागदावरून नाव उतरवून घेतलं. दिवेलागण झाली होती, सगळ्यांच्या तोंडांना माती, आणि आमच्याच पोरांनी हरेश्वरला वरच्यावर उचलला होता. कोणाची बनियन कोणाच्या अंगात हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

बक्षिसाला त्याचं नाव पुकारलं. तो गेला, पाकीट घेऊन आला. घरी परतताना बांधावर त्याने मला थांबवलं आणि पाकीट पुढे केलं.

"अर्धे तुझे."

"बक्षीस सात नंबरचं आहे," मी म्हणालो.

"सात नंबर तर तू घातलेला."

"कागदावर तू आहेस."

"सामंत, घे ना रं. आई तुझ्यासाठी बोंबील तळून बसलीय. चल घरी."

मी गेलो नाही. 'अर्धे' हा शब्द मला लागला. माझ्या पकडीतला अर्धा वाटा हा मला देणार! त्याने सगळे पुढे केले असते तर मी घेतले असते का? बहुधा नसते. पण मग राग धरायला वेगळं कारण शोधावं लागलं असतं.

सोमवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. मी आतल्या खोलीत होतो. आईला सांगितलं, नाही म्हण. तिला ते आवडलं नाही, पण तिने सांगितलं. हरेश्वर पायरीवर अर्धा तास बसून राहिला, मग गेला. काय सांगायला आला होता ते त्याने पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात जिल्हा संघाची यादी लागली. कोपरारक्षकाची एकच जागा होती. नाव हरेश्वर म्हात्रे.

इथून त्याचं आयुष्य निघालं आणि माझं दुसरीकडे वळलं. तो राज्याच्या सराव शिबिरापर्यंत पोचला. खेळाडू म्हणून एका सरकारी खात्यात त्याला नोकरी लागली आणि त्यांच्या संघातून तो चार हंगाम खेळला. पेपरात बारीक टाइपात त्याचं नाव यायचं. माझी आई ते मोठ्याने वाचायची. मी तोवर अंधेरीच्या एका कंपनीत खर्चाच्या विभागात लागलो होतो. कबड्डी सोडली. "वेळ कुठे आहे," असं सांगायचो.

पाचव्या हंगामात त्याचा डावा गुडघा गेला. दोन ऑपरेशनं झाली आणि खेळ संपला. ती बातमी मला ऑफिसातून येताना बस स्टँडवर कळली. त्या रात्री मी रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हे लिहायला बरं वाटत नाही. पण सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं.

मला वाटलं, आता सुटलो. पण तो कॉलेजचा प्रशिक्षक झाला.

वसईतलंच कॉलेज. खात्याने त्याची बदली जवळ केली होती. दिवसा नोकरी, संध्याकाळी कॉलेजचं मैदान, असं तो तेवीस वर्षं करत राहिला. मैदान म्हणजे दुचाक्या लावायच्या पटांगणाचा अर्धा तुकडा. पहिल्या वर्षी त्याने स्वतः खडे वेचले आणि घरच्या शेतातली माती टेंपोने आणून टाकली. कॉलेजचा संघ तोवर पहिल्या फेरीपुढे गेलेला नव्हता. सहाव्या वर्षी तो विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात होता. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, बँकेतल्या शिपायाने सांगितलं, दाढी करताना न्हाव्याने सांगितलं. मी प्रत्येक वेळी "हो का" म्हणालो.

त्याची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. मुलांना बसवून मैदानावर दाताळं फिरवायचा, म्हणजे माती एकसारखी व्हायची. मग एकच चढाई खेळायला लावायचा. ती संपली की सगळ्यांना बोलावून मातीतले पायांचे ठसे दाखवायचा. "मातीवर लिवलंय, वाचा." टाच कुठे खोल गेली, चवडा कुठे फिरला, गडी कुठे घाबरला. मुलं वाचायची. पुन्हा दाताळं, पुन्हा एक चढाई. पुढे सामने मॅटवर व्हायला लागले, बूट आले, तेव्हा लोक म्हणाले, म्हात्रे सरांचं वाचन आता बंद. त्याने बुटांच्या टाचांना चुन्याची भुकटी लावली. निळ्या मॅटवर पांढरे ठसे उठायचे.

एका वर्षी नवा गणवेश आला तेव्हा सात नंबर कोणाला यावरून मुलं भांडायला लागली. तो म्हणाला, "नंबर पाठीवर असतो. तुला सोताला तो दिसत नाय. मंग भांडतोस कोनासाठी?" ही गोष्ट मला मुलांपैकीच एकाच्या बापाने हसत सांगितली. मी हसलो नाही. मला वाटलं, त्याला बोलायला काय जातं.

मुलींचा संघ काढायचं ठरलं तेव्हा तो तुळिंजच्या चाळींतून घरोघर फिरला. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे राहत. त्यांनी विचारलं, "सर, मुलीचा पाय मोडला तर लग्नाला कोण उभा राहील?" हरेश्वरने पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि शिवणीचे व्रण दाखवले. "हा बगा मोडलेला. माझं लगीन यानंतर झालं. आनि चालायला तुम्हीच शिकवलंत नं पोरीला? मंग आता धावली तर काय बिगडलं?" त्या गृहस्थांची मुलगी तीन वर्षं खेळली. आज रेल्वेत आहे. पेढे घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, "तुमचे मित्र ना म्हात्रे सर? भाग्यवान आहात." मी पेढा अर्धाच खाल्ला.

माझी मुलगी गौरी बारावी झाली तेव्हा तिला त्याच कॉलेजात जायचं होतं. शाळेत कबड्डी खेळायची आणि डाव्या कोपऱ्यात उभी राहायची, कोणी न सांगता. मी अंधेरीच्या कॉलेजचा फॉर्म भरला. कारण सांगितलं, तिथली शिक्षणपद्धत चांगली. तिने फॉर्मवर सही केली. मंजिरी बोलली.

"अहो, खरं कारण सांगा."

"हेच खरं."

"तुमची टाच बघू," ती म्हणाली.

मी चिडलो. गौरी रोज दीड तास जायची, दीड तास यायची. ती पुन्हा खेळली नाही. हरेश्वरच्या कॉलेजात गेली असती तर पहिल्याच आठवड्यात तिने घरी येऊन मला एक गोष्ट सांगितली असती. ती मला कळायला अजून सात वर्षं लागायची होती.

हरेश्वर मात्र मला बोलवत राहिला. दर दोन हंगामांत एकदा तरी. कधी बाजारात, कधी कोणाच्या लग्नात, एकदा स्मशानातून परतताना. "सामंत, एकदा ये रं मैदानावर. पोरांना बग. तुला एक ऐकवायचं हाय." मी म्हणायचो, मार्चअखेर आहे. मी म्हणायचो, पाहुणे आहेत. "मार्च काय बारा महिने असतो काय रं तुमच्यात?" तो विचारायचा आणि हात हलवत फेंगड्या चालीने निघून जायचा. अशी बोलावणी अकरा झाली. ती मी मोजली, कारण दर वेळी नकार दिल्यावर मला थोडं बरं वाटायचं.

एकदाच गेलो होतो आणि तेही आत नाही. कॉलेजच्या भिंतीवरून पाहिलं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मैदानावर अजून कोणी आलं नव्हतं. तो एकटा दाताळं फिरवत होता. शेवटच्या टोकाला पोचला की मागे वळून आपण ओढलेल्या रेघा बघायचा, एखादी वाकडी वाटली तर लंगडत परत जाऊन ती पुन्हा ओढायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस, कोणी बघत नसताना. मला आठवलं, ऑफिसात मी बेरीज जुळल्यावरही पुन्हा एकदा करतो. तेवढ्यात त्याने मान वर केली. मी खाली वाकलो आणि रिक्षा करून घरी आलो.

तो गेला तो तिथेच, गेल्या मार्गशीर्षात. दाताळं फिरवून झालं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाकावर बसला. मुलं आली तेव्हा त्यांना वाटलं, सर माती वाचतायत.

तिसऱ्या दिवशी मी आणि मंजिरी त्याच्या घरी भेटायला गेलो. वहिनी, म्हणजे हरेश्वरची बायको, शांत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावोजी, रविवारी कॉलेजवर या. मुलींनी सामना ठेवलाय, शोकसभा नको म्हनाल्या. ते तुम्हाला बोलवून बोलवून थकले."

"मार्च..." माझ्या तोंडून निघालं आणि मी थांबलो. मार्गशीर्ष चालू होता.

"जाणार आहोत," मंजिरी म्हणाली.

रविवारी आम्ही मागच्या रांगेत बसलो. मैदान मातीचंच ठेवलं होतं, दाताळं फिरवलेलं. आताच्या मुली विरुद्ध जुन्या मुली, असा सामना. जुन्यांतल्या काही दोन मुलांच्या आया झालेल्या. खेळ चांगला होता हे मला मान्य करावं लागलं. कोपरे घाई करत नव्हते. चढाईचा पाय समोर नाचायचा आणि कोपरा थांबायचा.

उत्तरार्धात आताच्या मुली एका गुणाने पुढे होत्या. जुन्यांची एक उंच बाई चढाईला आली. डाव्या कोपऱ्यात रिद्धी भोईर नावाची काटकुळी मुलगी उभी होती. तेवढ्यात बाकावरून पाच-सहा जणी एकदम ओरडल्या:

"रिद्धी, सामंत! सामंत लाव!"

मी अर्धा उठलो. मला वाटलं, कोणीतरी मलाच हाक मारतंय. पण माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. सगळे रिद्धीकडे पाहत होते. तिने पुढचा पाय जाऊ दिला. तिचे ओठ हलले, तीनदा. मग ती मागच्या टाचेवर पडली.

टाच मुठीत आली. उंच बाई रेषेकडे सरपटली. उजव्या कोपऱ्यातून दुसरी मुलगी, सानिका पवार, धावत आली आणि तिच्या पाठीवर पडली. शिट्टी.

मंजिरी माझ्याकडे बघत होती. मी शेजारी बसलेल्या, घोट्याला पट्टी बांधलेल्या मुलीला विचारलं, "सामंत म्हणजे काय गं?"

"मागच्या पायाची पकड, काका. पुढचा पाय सोडायचा, तीन मोजायचे, मग मागची टाच. आम्हाला पहिल्या महिन्यात तीच शिकवतात."

"सरांनी शोधलेली?"

"नाही ना. आम्ही तिला 'म्हात्रे' म्हणायला लागलो होतो तर सर भडकले. म्हणाले, ज्याची हाय त्याचं नाव लावा."

"मग हे सामंत कोण?"

"काय माहीत. सरांच्या वेळचे कोणीतरी. हिशेबाचे पक्के होते म्हणे. सर दर वर्षी म्हणायचे, यंदा त्याला मैदानावर आणून दाखवतो. नाही आले कधी." तिने खांदे उडवले. "वारले असतील."

"नाही," मी म्हणालो. "वारले नाहीत."

एवढंच तो मला ऐकवणार होता. तोंडाने सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण तोंडावर त्याचा विश्वास नव्हता, माझ्या तर नव्हताच. त्याला मी तिथे उभा राहून ते ऐकायला हवा होतो, तेवीस वर्षांत त्याने शिकवलेल्या मुलामुलींच्या तोंडून.

सामना संपल्यावर वहिनी एक पाकीट घेऊन पुढे आल्या. कॉलेजच्या प्रत्येक हंगामाच्या शेवटी हरेश्वर स्वतःच्या मानधनातून उत्कृष्ट पकडीचं बक्षीस द्यायचा. रक्कम तेवीस वर्षं तीच, रुपये एकावन्न. मुलं हसायची, "सर, यात चार वडापाव पण येत नाहीत." तो वाढवायचा नाही. आणि बक्षीस एकाला द्यायचा नाही. दोघांना. ज्याने आधी हात घातला त्याला सव्वीस आणि जो मदतीला धावला त्याला पंचवीस. "आधी हात घालनाऱ्याला एक रुपया जास्त," एवढंच सांगायचा. सगळ्यांना ते ठाऊक होतं. पट्टी बांधलेली मुलगी हे मला सांगत होती आणि मी मनात आकडे फिरवत होतो. एकावन्नाचे सरळ अर्धे केले तर साडेपंचवीस होतात. बांधावर त्याने मला तेवढेच देऊ केले होते. नंतर कधीतरी, माझ्याशिवाय, त्याने तो हिशेब दुरुस्त केला. स्वतःच्या वाट्यातले पन्नास पैसे माझ्याकडे वळवून.

आणि मला हेही मान्य करायला हवं की पंचवीस त्याचे होते. तो धावला नसता तर माझी पकड ही पकड झाली नसती. एकतीस वर्षं मी एकावन्नच्या एकावन्न धरून बसलो होतो.

हेवा गेला, असं मी लिहिलं तर तो आकडा खोटा होईल. आधी त्याच्या निवडीचा होता, नोकरीचा होता, नावाचा होता. आता हा एक आणखी. दोघांपैकी कोणीतरी एकाने मोठं व्हायचं होतं, त्या बाबतीतही तोच आधी पोचला.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "आज पाकीट तुम्ही द्या." त्यांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. रिद्धी समोर आली. आधी तिने माझ्या चपलांकडे पाहिलं, मग वर.

"काका, उजवीकडे झुकता तुम्ही. कंबर दुखते का?"

"दुखते," मी म्हणालो.

पाकिटात दोन घड्या होत्या, त्याच्याच हाताने आधीच वेगळ्या करून ठेवलेल्या. मी तरीही मोजून घेतल्या. सव्वीस रुपये, रिद्धी भोईर, डावा कोपरा. पंचवीस रुपये, सानिका पवार, उजवा कोपरा.